चोवीस पट्ट्यांचा कान

महानंदा हावळनं आपल्या भाचीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा भाची बारा वर्षांची होती आणि खोडरबरावरून भांडत होती.

महानंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती, मुलांकडे पाठ करून. नऊ दिवसांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात तिच्या कानातलं यंत्र सुरू करून दिलं होतं आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक आवाज तिला पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा यायचा. नळ, कुकर, भाऊ, सगळी वाळूच. त्या सकाळी त्या वाळूतून एकाएकी दोन शब्द वर आले. ‘माझं आहे.’ मग तेच पुन्हा, जरा चिरक्या, जरा रडव्या सुरात. ती वळली. ऋजुताचे ओठ तेच म्हणत होते. महानंदानं जुडी तशीच मांडीवर धरली आणि बहीणभावांचं भांडण मिटेपर्यंत एका शब्दानं मध्ये पडली नाही. ते लवकर मिटू नये असंच तिला वाटत होतं.

इचलकरंजीतल्या मागांच्या कारखान्यात महानंदा सतराव्या वर्षी सुताच्या कांड्या भरायला लागली होती. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस माग एकदम चालले की तिथं कोणी कोणाचं ऐकत नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचतात, हातानं खुणा करतात. त्यामुळे आपल्याला कमी ऐकू येतंय हे तिला बरीच वर्षं कळलंच नाही. आधी डावा कान गेला, मग उजवा. त्रेचाळिसाव्या वर्षी सगळं शांत झालं. पुढच्याच वर्षी भाऊ शिवराजला मुलगी झाली, ऋजुता, आणि पाच वर्षांनी मुलगा, अगस्त्य, ज्याला घरात सगळे अगू म्हणत. शिवराज कारखान्यात आणि त्याची बायको दीपाली नगरपालिकेच्या शाळेत, त्यामुळे मुलं महानंदाच्याच अंगाखांद्यावर वाढली. ती तिला आत्ती म्हणायची, पण तो शब्द तिनं फक्त डोळ्यांनी पाहिला होता. घरात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. चौघं बोलायची, पाचवी बघायची, सुरळीत चाललं होतं.

मग तो नवा कान आला.

आपल्या कानात अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते आणि तिच्या आत केसांसारख्या हजारो बारीक पेशी. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला वर्दी देतात. मागांच्या खडखडाटानं महानंदाच्या त्या पेशी गवतासारख्या कापून काढल्या होत्या, आणि ते गवत पुन्हा उगवत नाही. डॉक्टरांनी त्या शंखात एक बारीक तार सरकवली होती. तारेवर चोवीस टोकं. कानामागचं यंत्र आवाज पकडतं, त्याचे चोवीस भाग करतं आणि एकेका टोकातून मज्जातंतूला हलकासा विजेचा स्पर्श देतं. म्हणजे बाजाच्या पेटीला चोवीसच पट्ट्या आहेत असं समजायचं, आणि त्यांतच सगळं जग वाजवायचं.

इथपर्यंत जुन्याही यंत्रांत असायचं. जुन्या यंत्रांत त्या पट्ट्या माणसाच्या आवाजासाठी ठरवून दिलेल्या असत. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेनं केलेल्या या यंत्रात मात्र दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे याचा माइक फार खालचे आणि फार वरचे सूर ऐकायचा: हत्तीच्या खोल घुमण्यापासून वटवाघळाच्या किंचाळीपर्यंत, जे धडधाकट माणसालाही कधी ऐकू येत नाही ते सगळं. आणि दुसरं म्हणजे ती तार मेंदूकडून परत येणारे बारीक प्रवाहही वाचायची. एकाच वेळी दहा आवाज आले तर माणसाचं मन नेमकं कुठल्या आवाजाकडे गेलं, ते तिला कळायचं. रोज झोपेत यंत्र त्या हिशेबानं पट्ट्या सरकवायचं; जिकडे मन जास्त, तिकडे पट्ट्या जास्त. असे साठ दिवस. साठ दिवसांत मेंदू त्या मांडणीला सरावतो, मग ती कायमची पक्की करावी लागते. नंतर हलवली तर शिकलेला प्रत्येक शब्द पुन्हा परका होतो, आणि छप्पन्नाव्या वर्षी मेंदू दुसऱ्यांदा तेवढं शिकत नाही.

डॉ. निखत मुजावर यांनी हे सगळं तिला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाल्या, “महानंदाताई, हा कान तुमच्या लक्षामागं चालतो. जे मन लावून ऐकाल ते तो देईल. बाकीचं हळूहळू काढून घेईल.”

महानंदाला त्यात काळजीचं काही दिसलं नाही. घरच्या माणसांशिवाय ती मन लावून ऐकणार तरी कोणाला?

अंदमानची कल्पना ऋजुताची. बेटांवरचे प्राणी हा तिचा दोन वर्षांचा ध्यास होता आणि शिवराजनं कधीतरी कबूल करून टाकलं होतं. कानाला वेगवेगळे आवाज मिळू देत, असं डॉक्टरही म्हणाल्या होत्या. शिवराजला कारखाना सोडून निघता येईना, तेव्हा दीपाली, महानंदा आणि मुलं अशी चौघं निघाली. शाळेनं रजा दिली ती ऋजुतानं निसर्गवही लिहून आणायच्या अटीवर. निघाली त्या दिवशी कानाचा चव्वेचाळिसावा दिवस होता. फोनच्या पडद्यावर चोवीस पट्ट्या दिसायच्या, माणसाच्या आवाजाच्या पिवळ्या आणि बाकीच्या निळ्या. निघताना एकवीस पिवळ्या होत्या.

सरकारी पाट्यांवर आता श्रीविजयपुरम लिहिलेलं असलं तरी टॅक्सीवाला पोर्ट ब्लेअरच म्हणत होता. पहिल्या संध्याकाळी त्यानं त्यांना चिडिया टापूला नेलं. सूर्य बुडाला, पोपटांचे थवे झाडांत शिरले आणि दीपाली म्हणाली की आता किती शांत वाटतंय. महानंदानं मान वर केली. तिला शांत वाटत नव्हतं. डोक्यावरून काहीतरी टिचक्या मारत चाललं होतं, बारीक, भराभर, जवळ येताना आणखी भराभर आणि मग एकदम गप्प. तिनं बोट दाखवलं. अंधूक आभाळात एक लहानसं वटवाघूळ वळत होतं.

ऋजुताला ते कळायला एक क्षण लागला. मग तिनं वही काढली.

“आत्ती, काय ऐकू आलं? नीट सांग. कसं वाटलं?”

महानंदानं दोन्ही हात भराभर हलवून पाहिले. मग म्हणाली, “बांगड्या भरलेल्या हातानं कोणी भराभर टाळ्या वाजवल्यासारखं. आणि किडा सापडला की टाळी बंद.”

ऋजुतानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अगूनं दुसरं वटवाघूळ शोधलं, मग तिसरं. परत येईपर्यंत टॅक्सीवाल्यालाही आपल्या गाडीत कोण बसलंय ते समजलं होतं आणि तो आरशातून आदरानं बघत होता.

त्या दिवसापासून मुलांना दुसरं काही सुचेना. स्वराज द्वीपाच्या पाण्यात काचेच्या तळाची नाव होती. नावाड्यानं पाण्यात सोडायचा माइक आणून दिला, तो ऋजुतानं आत्तीच्या यंत्राला जोडला. खाली प्रवाळाचा डोंगर आणि त्यावर रंगीबेरंगी मासे. वरून बघणाऱ्याला ते सगळं चित्रासारखं मुकं वाटतं. महानंदाच्या कानात मात्र बाजार भरला. कढईत जिरं तडतडावं तसा सगळीकडून तडतडाट होता; ऋजुतानं नावाड्याला विचारून घेतलं की तो चुटकी वाजवणाऱ्या बोटभर कोळंबीचा. मधून दाढेखाली खडीसाखर फोडल्यासारखा आवाज यायचा, तो प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशाचा. आणि या सगळ्याच्या तळाशी काही मासे ढेकर दिल्यासारखे घुमत होते. महानंदा सांगत होती, ऋजुता लिहीत होती, अगू काचेला नाक लावून खाली त्या त्या आवाजाचा मालक शोधत होता. दीपालीला बोट लागली होती तरी तीही हसत होती.

बारातांगच्या खाडीत तर कमालच झाली. तिवरांमधून होडी चालली होती. महानंदाला पोटात काहीतरी गुरगुरल्यासारखं वाटलं, कारखान्यातली मोठी मोटर सुरू होण्याआधी जमीन हलावी तसं. तिनं डावीकडे हात केला. होडीवाल्यानं मशीन बंद केलं आणि बराच वेळ पाहिल्यावर चिखलाच्या रंगाचा, होडीपेक्षाही लांबलचक मगर त्यालाही दिसला. इतका खोल आवाज माणसाच्या कानाला लागत नाही, नर मगर तो पाण्यातून दुसऱ्या मगरांना धाडतो, असं त्यानं सांगितलं. आपण अठरा वर्षं ही खाडी हाकतोय आणि पहिल्यांदाच कोणी आपल्या आधी मगर ओळखला, हेही त्यानं कबूल केलं. अगूनं तेवढ्यात सांगून टाकलं की ही आमची आत्ती आहे.

महानंदाला आपण उंच झाल्यासारखं वाटलं. रोज सकाळी ती फोनवर पट्ट्या बघत होती. एकवीसच्या सतरा झाल्या होत्या, मग चौदा. मुलांच्या बोलण्यातले स आणि श विरत चालले होते. ‘साखर’ची ‘आखर’ होत होती. तिच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. ओठ वाचायची सवय मुरलेली, त्यामुळे काम भागत होतं आणि कोणाला पत्ता लागत नव्हता. आज एवढं ऐकते, उद्यापासून बघू, असं ती रोज स्वतःला सांगत होती. आणि रोज नाश्त्याच्या टेबलावर ऋजुता वही उघडून बसायची.

त्रेपन्नाव्या दिवशी ती सगळी उत्तरेला डिगलीपूरला पोचली. तिथल्या कालीपूरच्या किनाऱ्यावर समुद्रकासवं अंडी घालायला येतात. कुत्र्यांनी आणि लाटांनी अंड्यांची नासाडी करू नये म्हणून ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवतात. प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली आणि तारखेची पाटी. राखण करणाऱ्या बाई होत्या सुशीला टोप्पो. त्यांचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला इथं आले ते इथलेच झाले. टोप्पोदीदी कमी बोलणाऱ्या, पण मुलांनी आत्तीच्या कानाचं सांगितल्यावर त्यांनी महानंदाला एका टोपलीपाशी नेलं आणि हिंदीत म्हणाल्या की शिकलेले लोक सांगतात, पिल्लं अंड्यात असतानाच एकमेकांशी बोलतात. मला चौदा वर्षांत कधी ऐकू आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा.

महानंदा वाळूत आडवी झाली आणि यंत्राचा माइक तिनं वाळूवर टेकवला.

आधी काही नाही. नुसती भरतीची धडधड. मग त्या धडधडीच्या आत, अगदी जवळ, कोणीतरी नखानं दार वाजवलं. दुसरीकडून उत्तर आलं. मग बारीक चिवचिव, दबलेली, गोधडीखाली मुलं कुजबुजतात तशी. एक थांबलं की दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. शंभरेक जीव तिच्या कानाखाली हातभर अंतरावर बोलत होते. ती कितीतरी वेळ उठलीच नाही. उठली तेव्हा गालाला वाळू चिकटलेली होती.

टोप्पोदीदींनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या, एकटं पिल्लू एवढी वाळू उपसू शकत नाही. सगळी एकाच वेळी हातपाय हलवतात तेव्हा वाळू खाली जाते आणि ती वर येतात. बोलत असतील ती त्यासाठीच. उद्या-परवा नाही, तेरवा पहाटे हे घरटं उघडेल.

त्या रात्री झोपेत पट्ट्या पुन्हा सरकल्या. सकाळी पिवळ्या अकराच होत्या.

त्याच दिवशी ती सगळी होडीनं रॉस आणि स्मिथ बेटांवर गेली. दोन बेटांना जोडणारी पांढरी वाळूची वाट ओहोटीला उघडी पडते, त्या वाटेवर महानंदा पुढं चालली होती. स्वराज द्वीपाच्या नावाड्यानं प्रवासापुरता देऊन टाकलेला माइक पाण्यात सोडून ती काहीतरी ऐकत होती. मागून लहान मुलीच्या आवाजात कोणीतरी हाक मारली, “आई.” मग पुन्हा, “आई.” दीपाली मागंच आहे, ती बघेल, असं म्हणून महानंदा वळली नाही. पाच-सहा हाका झाल्या. मग कोणीतरी येऊन तिचा दंड धरला.

ऋजुता होती. तिचा पाय समुद्रातल्या काटेरी गोळ्यावर पडला होता आणि टाचेत काळे काटे मोडले होते. चेहरा रडून लाल झाला होता. “आत्ती, मी किती हाका मारल्या,” तिचे ओठ म्हणाले. महानंदानं ते ओठ पाहिले, कानात पडलेला आवाज त्याला लावून पाहिला आणि तिला घडलं ते समजलं. मधला ‘त्त’ गळून पडला होता. आत्तीची आई झाली होती, आणि आपल्याला मारलेली हाक तिनं दुसरीची समजून सोडून दिली होती.

होडीवाल्यानं लिंबू पिळून, गरम पाण्यात पाय बुडवून काटे सैल केले. दुखणं तासाभरात उतरलं. पण ऋजुता हुशार होती. परत येताना तिनं आत्तीच्या पिशवीतून फोन काढला आणि पट्ट्यांचं पान उघडून एकेका दिवसाचं मागं मागं बघत गेली. मग तिनं फोन परत ठेवला. 

संध्याकाळी जेवण व्हायच्या आधी व्हरांड्यात ती महानंदाच्या समोर येऊन बसली.

“तुला माहीत होतं?”

महानंदानं होकाराची मान हलवली.

“मग सांगितलं का नाहीस? मी रोज तुला हे ऐक, ते ऐक म्हणत होते. मला कळलं असतं तर म्हटलं असतं का?”

 महानंदापाशी अनेक सोपी उत्तरं होती, पण त्यातलं एकही खरं नव्हतं. ती म्हणाली, “तू मला विचारायचीस ना, आत्ती काय ऐकू आलं? मला जन्मात असं कोणी विचारलं नव्हतं गं. बहिऱ्या माणसाला लोक सांगतात, जेव, चल, गाडी आली, बाजूला हो. त्याला काय ऐकू आलं ते कोण विचारणार? तू विचारायचीस आणि वहीत लिहायचीस. मला ते सोडवेना.”

ऋजुतानं टाचेवरची पट्टी चिमटीत धरली. तिला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. तिनं इतकंच म्हटलं की उद्यापासून मी काही विचारणार नाही, तुला काय ऐकायचं ते तूच ठरव, आणि लंगडत आत गेली.

दीपाली सगळं दारात उभी राहून ऐकत होती. ती येऊन शेजारी बसली. वन्सं, खरं सांगू का, ती म्हणाली; समुद्रच ठेवा. आमची बडबड काय, मीठ जास्त झालं आणि चप्पल कुठं गेली, यापलीकडं काय असतं त्यात? ती तुम्ही इतकी वर्षं ओठांवरून वाचलीत, पुढंही वाचाल. मुलंही तशीच वाढलीत, त्यांचं काही अडणार नाही. जे कोणालाच ऐकू येत नाही ते तुम्हाला मिळतंय, ते का सोडायचं?

तिनं हे मनापासून म्हटलं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. महानंदाला उलट वाटत होतं की कोणीतरी हट्ट धरावा, रागवावं, म्हणजे ठरवणं सोपं होईल. तसं कोणी केलं नाही. ऋजुतानं निर्णय तिच्यावर सोडला होता, दीपालीनं तर वाटच मोकळी करून दिली होती. पट्ट्या पक्क्या करायला सहा दिवस उरले होते. दुसरा दिवस तिनं किनाऱ्यावर बसून काढला, एकदा लाटा ऐकत, एकदा मुलांचं बोलणं ऐकत, आणि दोन्हीकडे तिचं मन धड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे टोप्पोदीदींनी दार वाजवलं. टोपलीखालची वाळू मध्ये खचली होती. म्हणजे पिल्लं निघाली. सगळी चपला हातात घेऊन धावली. अजून उजाडलं नव्हतं. पिल्लं उजेडाकडे धावतात म्हणून तिथं विजेरी लावायला मनाई. समुद्रावर जेवढं फटफटत होतं तेवढ्यावरच बघायचं. ऋजुता लंगडत पुढं जाऊन टोप्पोदीदींच्या शेजारी उकिडवी बसली. महानंदानं वाळूवर हात टेकला. माइक लावायचीही गरज नव्हती. आता ती कुजबुज राहिली नव्हती. खालून गलका येत होता, शंभर जीव एकदम उपसत होते, ढकलत होते, हाका मारत होते, आणि प्रत्येक क्षणी आवाज वर सरकत होता. तिच्या अंगावर काटा आला. हे ऐकणारं माणूस या सबंध किनाऱ्यावर, कदाचित सबंध देशात, ती एकटीच होती.

मागून अगू बोलायला लागला.

त्याचा दात पडला होता. रात्री झोपेत हलत होता, पहाटे धावताना पडला, वाळूत पडला, मग त्यानं शोधला, तर सापडला तो शिंपला निघाला, असं काहीतरी तो सांगत होता. महानंदाला एवढंच लागत होतं, तेही तुटक, गलक्याच्या फटींतून. एरवी त्याला आत्तीशी बोलायचं असलं की तो दोन्ही हातांनी तिचे गाल धरायचा आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवायचा. चालायला लागायच्या आधीपासूनची त्याची ती सवय. आज त्यानं गाल धरले नाहीत. तो अंधारात, तिच्या पाठीमागं उभा होता, त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं, आणि तरी तो बोलत सुटला होता. आत्तीला ऐकू येतं हे त्यानं केव्हाच धरून टाकलं होतं. त्याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

महानंदानं वाळूवरचा हात उचलला.

घरट्याचा गलका काही कमी झाला नाही. तो तसाच चालू होता, आणि त्यातून एक लहानसा, शेंबडा आवाज वेगळा काढून धरायचा म्हणजे चाळीस मागांमधून एकाच मागाच्या धोट्याचा खटका ओळखण्यासारखं होतं. पण कान होते तोवर ते काम तिनं रोज केलं होतं. तिनं डोळे मिटले आणि सगळं मन त्या आवाजावर ठेवलं. शिंपला फेकून दिला. मग दुसरीकडे बघितलं. तिथं खेकडा होता. खेकड्यानं दात पळवला असेल का, असा अगूला संशय होता.

“मग?” ती मागं न वळता म्हणाली. “खेकड्याच्या बिळात बघितलंस का?”

बघितलं होतं. तेही त्यानं सविस्तर सांगितलं.

पहिलं पिल्लू वाळूतून डोकं काढून वर आलं तेव्हा दात अजून सापडायचा होता. मग एकदम दहा, मग तीस. बशीएवढीही नाहीत, काळी, ओली, वल्ह्यांसारखे पाय मारत निघालेली. टोप्पोदीदींनी टोपली उचलली. ऋजुतानं तोंडावर हात दाबून धरला होता. पिल्लांची रांग समुद्राकडे फुटली आणि चौघं दोन्ही बाजूंनी चालत त्यांना पोचवायला गेली. पाण्याच्या कडेला ऋजुता महानंदाजवळ आली, जराशी घुटमळली आणि काही विचारायचं टाळून उभी राहिली. महानंदानंच तिला विचारलं.

“तुला काय दिसलं ते सांग. सगळं. पहिल्यापासून.”

ऋजुतानं सांगायला सुरुवात केली. पहिल्या पिल्लानं डोळ्यांवरची वाळू कशी झटकली, एक उलट्या दिशेला कसं निघालं आणि टोप्पोदीदींनी त्याला हात न लावता समोर नुसतं पाऊल ठेवून कसं वळवलं. स आणि श अजून नीट येत नव्हते. महानंदा ओठांकडे न बघता, समुद्राकडे तोंड करून ऐकत राहिली. उजाडलं, शेवटचं पिल्लू लाटेत गेलं, तरी ऋजुताचं सांगणं संपलं नव्हतं.

उरलेले दिवस असेच गेले. परतीच्या बसमध्ये, जहाजावर, विमानतळाच्या बाकड्यावर मुलं बोलत होती आणि महानंदा ऐकत होती. तीच कोडी, तीच भांडणं, शाळेतल्या कुठल्या मुलाला कुठल्या मुलीनं काय म्हटलं. काही वेळा ती कंटाळलीही. जहाजाच्या कठड्याशी एकदा पाण्याखालून काहीतरी लांबवर, खूप सुंदर वाजलं, डॉल्फिन असतील. तिनं मान वळवली, मग पुन्हा अगूकडे वळली. वाईट वाटलं. ते तिनं कोणापासून लपवलं नाही.

साठाव्या दिवशी मिरजेला डॉ. मुजावरांनी पडद्यावर सगळा प्रवास उलगडून पाहिला. एकवीस पिवळ्या, मग चौदा, मग अकरा, आणि अगदी शेवटी, चार दिवसांत, पुन्हा एकोणीस. इतक्या थोड्या दिवसांत पट्ट्या इतक्या परत आलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की एकवीस झाल्या नाहीत. गर्दीत थोडं अडखळेल, काही अक्षरं ओठांवरून भरून काढावी लागतील. आणि वटवाघूळ, मगर, कासव यांतलं आता काही उरलं नाही. निळ्या पाच पट्ट्या आहेत, पण त्या इतक्या विखुरलेल्या की त्यांत एकही आवाज पुरता बसणार नाही. पक्कं करू का?

“करा,” महानंदा म्हणाली.

डॉक्टरांनी बटण दाबलं. त्याला काही आवाज नव्हता. मग त्या खुर्चीत मागं टेकल्या. माझ्याकडच्या कोणाच्याच कानानं एवढी मजल मारली नव्हती, त्या म्हणाल्या. मला कामासाठी म्हणून नाही, असंच ऐकायचंय, वाळूच्या आत ती पिल्लं कशी बोलत होती?

महानंदा शब्द जुळवत होती, तेवढ्यात दार ढकलून मुलं आत आली. बाहेर बसून बसून कंटाळली होती. प्रश्न त्यांनी ऐकलाच होता. आधी नख वाजवतात, अगू म्हणाला. दारावर, ऋजुतानं दुरुस्त केलं, नखानं दार वाजवल्यासारखं, मग दुसरं उत्तर देतं, मग गोधडीखाली कुजबुजल्यासारखं. तिनं वही उघडली नाही, तिला ती लागलीच नाही. मग प्रवाळाचं निघालं, जिरं, खडीसाखर, ढेकर. दोघं एकमेकांच्या वरताण बोलत होती, हातांनी दाखवत होती. त्यांनी त्यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं आणि आता डॉक्टरांना ते असं सांगत होती की डॉक्टरांनी दोनदा मान वाकडी करून कान पुढं केला.

ज्या बाईनं हे सगळं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं, ती मुलांच्या मागच्या खुर्चीत, जिथून त्यांचे ओठ दिसत नव्हते, हात मांडीवर ठेवून बसली होती. अगूनं कासवांच्या बोलण्यात पदरची दोन वाक्यं घातली. एक पिल्लू म्हणत होतं, माझा पाय तुझ्या पोटाखाली अडकलाय. दुसरं म्हणत होतं, थांब, आधी दादाला जाऊ दे. ऋजुतानं आत्तीकडे वळून पाहिलं, हे खरं आहे का म्हणून.

खरं आहे, महानंदानं सांगितलं.